कपाळावर पोपटीची राख

बाळांनो,

परवा तुमच्या आईने तुमचा फोटो पाठवला. दोघांच्या कपाळावर राखेचा क्रूस, मागे ढीगभर बर्फ, आणि धाकटीने डोळे वर करून आपलंच कपाळ बघायचा प्रयत्न चालवलेला. खाली धाकटीचा प्रश्न होता, "आजी, ही राख कुठून येते?" मी चष्मा शोधून उत्तर लिहायच्या आत थोरल्याचं उत्तर येऊन पडलं, "पाकिटातून. मी पाहिलं. फादरनी कात्रीने कापलं."

तेव्हाच ठरवलं की हे लिहून काढायचं. व्हिडिओ कॉलवर सांगायला गेले तर तुमचे आजोबा मध्ये तोंड घालतात, आणि या गोष्टीत त्यांच्याबद्दल थोडं बोलावं लागणार आहे. कागदावर त्यांना मध्ये बोलता येत नाही. राख पाकिटातून आली म्हणून माझी काही तक्रार नाही, पाकीट स्वच्छ असतं. पण दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे ती कुठून आली हे तुम्हाला माहीत असायला हवं. तेव्हा फोनवर मी एवढंच सांगितलं होतं की सगळं छान झालं. छानच झालं. सरळ मात्र झालं नाही.

आधी थोडं नीट मांडून घेते. तुमचे आजोबा म्हणतात, ही गोष्ट सांगायच्या आधी टेबल पुसून घेते. घेते. त्यात वाईट काय?

राखेच्या बुधवारी आपला उपवासकाळ सुरू होतो तो ईस्टरपर्यंत. या काळात प्रार्थना जास्त करायची, खाणं कमी करायचं, दुसऱ्याला काही द्यायचं, आणि प्रत्येकाने आपल्या आवडीची एक गोष्ट सोडायची. आवडीची, हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण तुमच्या आजोबांनी एका वर्षी कारलं सोडलं. दुसऱ्या वर्षी जिन्यावरून धावत उतरणं सोडलं. आमच्या घराला जिना नाही. मी दर वर्षी चहातली साखर सोडते, आणि त्यामुळे सगळ्यात मोठा उपवास घरातल्या बाकीच्यांना घडतो, असं त्यांचं म्हणणं.

आजोबा मोहोपाड्याच्या कारखान्यात होते आणि मी तिथेच एका शाळेत इंग्रजी शिकवत होते, हे तुम्हाला माहीत आहे. निवृत्त झाल्यावर कॉलनीतलं क्वार्टर सोडून आम्ही लोधिवलीच्या बाजूला हे घर बांधलं. आपल्या लोकांची घरं इथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि चर्च लांब. शेजारी भात आणि वालाची शेती करणारं घर आहे. त्या घरातली जी बाई तुम्ही आलात की ओंजळभर भाजलेल्या शेंगा घेऊन येते, तीच आपली शेजारीण. मला ती काकी म्हणते. आम्ही नवे होतो तेव्हा आपण नक्की कोण, काय खातो, कधी खात नाही, याचा तिने पद्धतशीर तपास केला होता.

"काकी, तुमी रविवारी मटण का नाय घेतलं? आमच्या ह्यांनी वाटा ठेवला व्हता तुमचा."

"आमचा उपवासकाळ चालू आहे ना."

"म्हंजी श्रावण?"

"तसंच काहीसं."

"उन्हाळ्यात?"

"हो."

तिने जरा विचार केला आणि कमरेवर हात ठेवले. "मग गटारी कधी झाली? आमाला बोलवलं नाय ती!"

गटारी म्हणजे श्रावण लागायच्या आदल्या दिवसाचं खाणंपिणं. पुढे महिनाभर मिळणार नाही, म्हणून आजच पोट भरून घ्यायचं. मी ज्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले तिथे राखेच्या बुधवाराच्या आदल्या मंगळवारी सिस्टर्स आम्हाला पॅनकेक करून घालायच्या, अंडी आणि लोणी संपवायला म्हणून. हिशोब तोच. पण हे शेजारणीला सांगितल्यावर तिने माझ्याकडे फार दयेने पाहिलं. "अंड्याची धिरडी? त्याच्यावर चाळीस दिवस काढता?" तिने तिथल्या तिथे जाहीर केलं की पुढच्या वर्षीपासून त्या मंगळवारी पोपटी लावायची. तेव्हापासून आमचा उपवासकाळ पोपटीनेच सुरू होतो.

पोपटी तुम्ही खाल्ली आहे, पण लावताना पाहिली नाही. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या कोवळ्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, जाडं मीठ आणि ओवा. वर पुन्हा पाला कोंबून मडक्याचं तोंड बंद करायचं. मग मडकं शेतात पालथं घालून त्याच्याभोवती जाळ करायचा. पाण्याचा एक थेंबसुद्धा लागत नाही. नियम एकच, हात हलवत कुणी यायचं नाही. कुणी शेंगा आणतं, कुणी अंडी, आणि जळण मात्र प्रत्येक घराने आपापलं आणायचं. काटक्या, पेंढा, गोवऱ्या, वाळक्या झावळ्या, जे असेल ते. ज्याचं जळण ओलं निघतं त्याला वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

आता राखेबद्दल. ईस्टरच्या आधीच्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, चर्चमध्ये प्रत्येकाला झावळीची एक पात मिळते. फादर त्यावर आशीर्वादाचं पाणी शिंपडतात. ती घरी आणून क्रुसामागे खोचायची. वर्षभर ती तिथे वाळते, पिवळी पडते, पाली तिच्यामागे संसार थाटतात. पुढचा राखेचा बुधवार जवळ आला की ती परत द्यायची, आणि अशा सगळ्यांच्या पाती जाळून जी राख होते ती आपल्या कपाळावर येते. मला ही पद्धत लहानपणापासून आवडते. काही वाया जात नाही.

दोन वर्षांपूर्वी नर्सबाईंचं खुब्याचं हाड मोडलेलं होतं. नर्सबाई म्हणजे कारखान्याच्या दवाखान्यातल्या जुन्या परिचारिका, आपल्यातल्याच, मूळच्या नगरकडच्या, आमच्या मागच्या आळीत राहतात. अर्ध्या पंचक्रोशीला त्यांनी सुया टोचल्या आहेत, त्यामुळे मिशा आलेले बाप्येसुद्धा अजून त्यांच्यापुढे जरा तिरकेच उभे राहतात. त्यांचे यजमान कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. नवराबायको दिवसभर भांडायची आणि संध्याकाळी एकाच सुपात शेंगा सोलत बसायची. आदल्या दिवाळीच्या सुमारास यजमान गेले, आणि पुढे महिन्याभरात न्हाणीघरात पाय घसरून नर्सबाई पडल्या.

त्यांना गाडीत बसणं शक्य नव्हतं. तेव्हा फादर म्हणाले, मीच येतो. बुधवारी सकाळी तुमच्या ओट्यावर प्रार्थना करू. झावळ्या गोळा करून ठेवा, चांगल्या कडक वाळवा, मी सगळ्यांसमोर जाळीन आणि तिथेच राख करू. फादर तरुण होते, वसईकडचे, मोटरसायकलवर फिरायचे.

मी घरोघरी जाऊन झावळ्या मागून आणल्या. नर्सबाईंच्या भिंतीवर साधी पात नव्हती. मागच्या झावळ्यांच्या रविवारी त्यांच्या यजमानांनी चर्चच्या पायरीवर बसून आपली आणि बायकोची पात एकात एक विणून वीतभर लांबीचा क्रूस केला होता.

"द्यायलाच लागती का?" नर्सबाईंनी विचारलं.

"ठेवलीत तरी चालेल," मी म्हटलं.

त्यांनी भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट केलं. "त्यांच्या हातची शेवटची वस्तू आहे, मॅडम. त्याच्यानंतर त्यांनी नुसती भांडणंच केली." मग म्हणाल्या, "घ्या काढून. भिंतीवर ठेवून काय करू? जन्मभर माझं डोकं खाल्लं या माणसानं. आता एक दिवस कपाळावर बसू द्या."

मी दारापर्यंत पोचले तेव्हा मागून पुन्हा हाक आली. "मॅडम, इकडंतिकडं होऊ देऊ नका बरं का. मला त्यांचीच लागली पाहिजे." त्या हसत होत्या, पण खुर्चीच्या दांड्यावरची बोटं पांढरी पडली होती.

सगळ्या झावळ्या मी धुतलेल्या गोणीत भरल्या, विणलेला क्रूस वर ठेवला, तोंड सुतळीने बांधलं आणि गोणी आतल्या खोलीत खुंटीला अडकवली. इथपर्यंत सगळं शिस्तीत होतं.

मंगळवारी दुपारी तुमच्या आजोबांना आठवलं की फादरनी झावळ्या वाळवायला सांगितल्या आहेत. त्या वर्षी राखेचा बुधवार नेमका लाल फुग्यांच्या आणि गुलाबांच्या दिवशी आला होता, त्यामुळे सकाळपासून ते खुशीत होते. "उद्या तुला गुलाब द्यायचा की राख लावायची?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं. मी म्हटलं, तुम्ही काटक्या भरा. त्यांनी काटक्या भरल्या. आमच्या वाट्याचं जळण म्हणून आंब्याच्या वाळक्या काटक्या एका गोणीत भरून गोणी ओट्याच्या कडेला ठेवली. मग झावळ्यांची गोणी खुंटीवरून काढून उन्हासाठी तीही ओट्याच्या कडेलाच ठेवली. दोन्ही गोण्या एकाच खताच्या. मी तेव्हा आत कोंबडीला मसाला लावत होते.

दिवस कलला तसा शेजारच्या मोकळ्या शेतात मंडळी जमली. नर्सबाईंना प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट दोघांनी उचलून आणलं. दोघांनीही लहानपणी त्यांच्या हातच्या सुया खाल्लेल्या होत्या, त्यामुळे खुर्ची जराही हलली नाही. मडकं भरलं, पालथं घातलं. शेजारणीने शेतातून आवाज दिला, "काका, तुमचं जळण कुठं हाय?"

"ओट्याच्या कडेला, गोणीत!" आजोबांनी लांबूनच ओरडून सांगितलं.

ती गेली, गोणी खांद्यावर टाकून आली, सुतळी तोडली आणि वाऱ्याच्या बाजूने सगळं एका झटक्यात मडक्यावर रिकामं केलं. वर पेंढा, वर गोवऱ्या. काडी लावल्याबरोबर भस्सकन जाळ उठला.

"आई गं, काय पेटलंय!" शेजारीण मागे सरली. "काका, कुठनं आणलं वो असलं जळण? दर साली हेच आणा!"

"अनुभव लागतो," तुमचे आजोबा म्हणाले.

"बघा कसा भडकलाय, एवढ्याशा काडीनं," नर्सबाई खुर्चीतून म्हणाल्या. "डिक्टो आमच्या ह्यांच्यासारखा."

पोपटी अप्रतिम झाली होती. नर्सबाईंनी तंगडी खाल्ली, अंडी खाल्ली, मीठ कमी आहे म्हणाल्या आणि पुन्हा मागून घेतलं. त्यांना घरी पोचवून आलो तेव्हा अजून पुरता अंधार पडला नव्हता. आजोबा ओट्याशी वाकले आणि आनंदाने म्हणाले, "अगं, हे बघ, आपलं जळण तसंच राहिलंय की! पुढच्या वेळेला होईल."

त्यांच्या हातातल्या गोणीतून आंब्याच्या काटक्या डोकावत होत्या.

"मग तिने काय जाळलं?" मी विचारलं.

त्यांनी गोणीत हात घालून तळापर्यंत चाचपलं.

शेजारीण मडक्याच्या खापऱ्या गोळा करत होती. आमचे चेहरे बघून ती कुंपणाशी आली. मी सांगितलं. तिचा हात तोंडावर गेला.

"काकी! देवाचं व्हतं?"

"देवाचं होतं."

"आनि मी जाळलं?"

"अगं, ते जाळायचंच होतं."

"मग?"

"उद्या जाळायचं होतं."

ती हळूच म्हणाली, "आनि आत कोंबडी नव्हती ठेवायची."

"नव्हती ठेवायची."

"अंडी?"

"अंडीपण नाही."

मला हसू आवरेना, आणि तिलाही. पण मग मी तिला विणलेल्या क्रुसाचं सांगितलं, आणि ती कुंपणाला धरून रडायलाच लागली. नर्सबाईंच्या यजमानांनी तिच्या घरातली सगळी वायरिंग केली होती. दर दिवाळीला तो माणूस शिडी घेऊन यायचा आणि चहावर काम करून जायचा.

आजोबांनी तोडगा काढला. मागच्या माडाची झावळी आत्ता उतरवतो, तव्यावर भाजतो, सकाळपर्यंत राख तयार. "राखेला काय नाव असतं? कुणाला कळणार आहे?"

"त्यांनी तो क्रूस माझ्या हातात दिला होता," मी म्हटलं. "त्यांना सांगायला लागेल."

"कोण सांगणार?"

"मी नाय," शेजारीण डोळे पुसत म्हणाली. "त्यांचं एक विंजेक्शन अजून ठणकतंय माझं."

एवढं मात्र तिने केलं की एरवी दुसऱ्या दिवशी पोपटीची राख ती वांग्यांच्या वाफ्यात नेऊन टाकते, ती तशीच ठेवली. कोंबड्यांनी उकरू नये म्हणून त्यावर मोठं डालगं पालथं घातलं आणि वर धोंडा ठेवला.

बुधवारी सकाळी मी ओटा सारवल्यासारखा पुसून घेतला. खुर्च्या एका रेषेत, टेबलावर पांढरं कापड, त्यावर क्रूस, मेणबत्त्या आणि लाकडी ताटली. ताटली रिकामी. मोटरसायकलचा आवाज आल्याबरोबर मी फाटकाशी जाऊन फादरना सगळं सांगून टाकलं. ते हेल्मेट हातात धरून फार गंभीरपणे ऐकत होते.

"मडक्यात काय काय होतं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"मग मला मंगळवारीच का नाही बोलावलं?"

ते हसत होते, पण तेवढ्यात मागच्या आळीतून नर्सबाईंची खुर्ची येताना दिसली. त्यांनी पांढरं लुगडं नेसून केस नीट चापून बसवले होते. फादरचं हसू मावळलं. "त्यांना माहीत आहे?"

"नाही."

"मी सांगू का?"

"नको," मी म्हटलं. "मीच सांगते."

शाळेच्या प्रार्थनेला उभी राहायचे तशी मी ताठ उभी राहिले आणि सांगितलं. ओट्यावरची सगळी मंडळी आपापल्या चपलांकडे बघायला लागली.

"कालच्या पोपटीत?" नर्सबाई म्हणाल्या.

"हो."

"जी मी खाल्ली?"

"हो."

"दोन अंडी खाल्ली मी."

"तीन," तुमचे आजोबा म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि ते खांबाआड झाले.

नर्सबाई हसल्या नाहीत. अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "मला त्यांचीच पाहिजे होती, मॅडम. सांगितलं होतं तुम्हाला."

फादर खाली बसले आणि म्हणाले, "आपण जरा वेळ शांत राहू." असा आमचा त्या वर्षीचा उपवासकाळ सुरू झाला, गीताशिवाय आणि राखेशिवाय. लांब हायवेवर ट्रक चालले होते. आंब्याच्या मोहोरावर माशा घोंघावत होत्या. मी डोळे मिटले, पण ठरवून ठेवलेली प्रार्थना आठवेना. मनात नुसतं एवढंच येत होतं की मी सगळ्या खुर्च्या एका रेषेत लावल्या आणि एका बाईची एवढीशी वस्तू काही नीट राहिली नाही. कित्येक वर्षं या दिवशी मी मनातल्या मनात माझ्या चुका पाठ केलेल्या धड्यासारख्या म्हणत आले होते. त्या सकाळी पहिल्यांदा काहीच पाठ नव्हतं. देवापुढे मी अगदी हात हलवत गेले होते.

शांतता मोडली ती नर्सबाईंनी.

"तार बघितली का?"

"कसली तार?" फादरनी विचारलं.

"तांब्याची. मधोमध. पातीखाली दडलेली होती, म्हणून मॅडमला दिसली नसंल. क्रूस विणला झोकात, आणि शेवटी गाठ काय मारता येईना. मग खिशातनं तार काढली आणि पिळली. चर्चला येताना खिशात तार घेऊन येणारा दुसरा माणूस दाखवा मला!" त्या खुर्चीत पुढे सरकल्या. "तार जळत नाही. काल कुठं जळत होतं ते. उचला मला."

मग जे झालं ते कोणत्याही उपासनेच्या पुस्तकात सापडायचं नाही. खुर्ची शेतात गेली. शेजारणीने धोंडा काढला, डालगं उचललं, घरातून पिठाची चाळण आणली. फादरनी पांढरा झगा कमरेपर्यंत वर खोचला आणि उकिडवे बसले. मी पदर खोचला. कोंबड्या चारी बाजूंनी मान वाकडी करून बघायला जमल्या.

"तिथं नको," नर्सबाई खुर्चीतून म्हणाल्या. "वाऱ्याकडच्या अंगाला बघा. भस्सकन पेट घेतला तो तिथं. ते हेच असणार."

फादरना आधी अंड्याचं कवच सापडलं, मग पंखाचं हाड. त्यांनी ते उचलून बघितलं.

"संतांचे अवशेष," तुमचे आजोबा म्हणाले.

"काका, तुमी जरा घरात जाऊन बसा बरं," शेजारीण म्हणाली. माझं वाक्य वाचलं.

तार तिलाच सापडली. बोटाएवढी, काळी पडलेली, मधोमध पीळ. तिने ती पदराने घासली तेव्हा तांबूस रंग दिसला. तिने ती नर्सबाईंच्या तळहातावर ठेवली. नर्सबाईंनी अंगठ्याने पीळ चाचपला. पुन्हा चाचपला. "उलटा पीळ," त्या म्हणाल्या. "डावखुरे होते ना. आमच्या घरातली सगळी बटणं अजून उलटी लागतात."

मग फादरनी जिथे तार सापडली तिथलीच राख चमच्याने हलकी हलकी उचलली आणि कापडातून गाळून ताटलीत घेतली. त्यात थोडा पेंढा असेल, थोडी गोवरी असेल. मी तसं विचारलंदेखील, कारण मला राहवेना. फादर म्हणाले, "आपली मनं तरी कुठे निवडून पाखडून आणतो आपण देवापुढे? चला."

ओट्यावर परत आल्यावर मात्र सगळं रीतसर झालं. गीत झालं, वाचन झालं. उपवास करताना सुतकी चेहरा करून फिरू नका, असं त्या दिवशीच्या वाचनात येतं, आणि फादरनी तेवढं वाचून आमच्या काळ्या झालेल्या नाकांकडे एकदा नजर टाकली. प्रवचनाचा कागद त्यांनी खिशातून काढला आणि तसाच परत ठेवला. राखेवर आशीर्वाद मागितला आणि पहिल्यांदा नर्सबाईंपाशी गेले. माणूस मातीचा आहे आणि मातीलाच मिळायचा, याची आठवण देत त्यांनी अंगठ्याने त्यांच्या कपाळावर क्रूस काढला. नर्सबाईंचे डोळे मिटलेले, तार मुठीत.

"ओव्याचा वास येतोय," डोळे न उघडताच त्या म्हणाल्या.

"येतोय खरा," फादर म्हणाले.

"त्यांना आवडायचा." आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते त्यांनी पुसलं नाही. कपाळाची राख जाईल म्हणून.

शेजारीण पायरीखाली उभी होती. "आमच्यात पन अंगारा लावतात," ती म्हणाली. "मला चालंल का?"

"वर या," फादर म्हणाले. तिने पदर डोक्यावर घेतला आणि कपाळ पुढे केलं.

शेवटी फादरनी एकेकाला विचारलं, या उपवासकाळात काय सोडणार? आजोबा म्हणाले, "गोण्या हलवणं." या वेळी ती त्यांची खरोखर आवडीची गोष्ट होती, म्हणून मी मान्य केलं. मी साखर म्हटलं. नर्सबाईंची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "मी काही सोडायची नाही, फादर. यंदा पुष्कळ सुटलंय."

फादर म्हणाले, "तर मग तुम्ही काहीतरी धरा."

नर्सबाईंनी ओट्यावरून नजर फिरवली. "हा ओटा धरते. पुढच्या वर्षी राख इथंच. मला चालता आलं तरी इथंच."

पावसाळ्याच्या आत त्या काठीने चालायला लागल्या. आता रविवारी रिक्षाने चर्चलाही जातात आणि रिक्षावाल्याला वेगावरून बोलतात. ते फादर बदलून गेले. नवे फादर म्हणाले की आता तुम्ही चालताय, तर बुधवारी सगळ्यांनी चर्चमध्येच यावं, तेच बरं. नर्सबाई त्यांना एकट्या जाऊन भेटल्या. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण फादर बाहेर आले ते तारीख ठरवूनच. गेल्या वर्षी बुधवार उशिरा आला आणि वालाच्या शेंगा संपल्या होत्या, तरी शेजारणीने नुसत्या बटाट्यांची पोपटी लावली. झावळ्या आता बुधवारी सकाळी पत्र्याच्या डब्यात वेगळ्या जाळतात. डबा शेजारणीच्या ताब्यात असतो, आणि तुमच्या आजोबांना त्याला हात लावायची परवानगी नाही.

आपल्यातली दोन कुटुंबं पनवेलला राहायला गेली, त्यामुळे खुर्च्या कमी लागतात. यंदा शेजारीण धरून सहा लागल्या. नर्सबाई पहिल्या खुर्चीवर होत्या. राखेच्या बुधवारची प्रार्थना आमच्या ओट्यावर अजून होते.